अनुभव आला म्हणावं तर रेकॉर्डिंगमध्ये नुसता ठेका ऐकू येतो, आता बाकीचं काम कसं करू?

मृदंगी_फलटणकर:

राम कृष्ण हरी मंडळी. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, लांबेल, सांभाळून घ्या.

मी पखवाज वाजवतो. वारकरी घरातला, लहानपणी आळंदीला शिकलो, पुढे नाना पानसे परंपरेतल्या गुरुजींकडे चौताल धमार हे ताल, परण म्हणजे पखवाजाच्या बोलांच्या बांधलेल्या रचना, असं रीतसर झालं, आणि आता पोटापाण्याला कीर्तनाची साथ. सप्त्यांचा सीझन लागला की घरी फक्त कपडे बदलायला येतो असं बायको म्हणते ते खरंच आहे.

तर एका सप्त्यात एकादशी होती. रात्रीचं कीर्तन झालं, मग जागर, जागराच्या मंडळींचा मृदंगवाला आला नाही म्हणून तिथेही मीच, आणि पहाटे लगेच काकडा. गौळणी चालू होत्या. मध्येच कुठेतरी मी वाजवायचा थांबलो. म्हणजे हात थांबले नाहीत, हात चालूच होते, पण वाजवणारा म्हणून जो कोणी मी असतो, समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे लक्ष ठेवणारा, गायकाच्या तोंडाकडे बघणारा, आता इथे साधा ठेका सोडून चाट, म्हणजे सजावटीचे बोल, लावू का असा हिशोब करणारा, तो नव्हताच. भीती वाटली नाही. आनंद झाला असंही म्हणवत नाही कारण आनंद होणारा कोणीतरी लागतो ना. टाळ, वीणा, माणसं सगळं एकच काहीतरी होतं आणि ते नीट चाललेलं होतं एवढंच. किती वेळ ते माहीत नाही. आरतीला शेजारच्या टाळकऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा परत आलो, त्याला वाटलं उपासाने चक्कर आली.

खरी अडचण पुढे आहे. गावातल्या एका पोराने तो काकडा मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. मी मागवून घेतला, हेडफोन लावून ऐकला, म्हटलं बघू तरी त्या वेळेला काय वाजलं हातून. तर काहीच नाही हो. साधा भजनी ठेका. लग्गी नाही, चाट नाही, एक उठाण सुद्धा धड नाही, उलट लय जराशी पुढे पळतेय. गुरुजींनी ऐकलं असतं तर काही बोललेच नसते इतकं साधं.

आता सध्याचं काम. पुण्यातल्या एकाने माझं पखवाजाचं सोलो रेकॉर्ड करायचं ठरवलंय, पाऊण तासाचं, नगम्याला (ताल दाखवणारी फिरती सुरावट) हार्मोनियम आणि शेवटी टाळकऱ्यांसोबत भजन. मी त्यासाठी नवीन परणी बांधतोय. गणेश परण, शिव परण अशा स्तुतिपरणी आपल्याकडे आहेतच, त्यात देवाचे शब्द आणि पखवाजाचे बोल एकमेकांत गुंफलेले असतात, तसं मी नुसत्या रामकृष्णहरी या मंत्रावर काम करतोय. एक तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) सापडली तिचा फार आनंद झाला. रामकृष्णहरी लघुगुरूने (लघु अक्षर एक, दीर्घ किंवा जोडाक्षराआधीचं अक्षर दोन) मोजलं तर नऊ होतात, रा दोन म एक, कृष्ण तीन, हरी तीन. बारा मात्रांच्या चौतालात दुगणीत, म्हणजे एका मात्रेत दोन असं, समेच्या अर्धी मात्रा आधी उचललं आणि बेदम तीन वेळा म्हटलं तर शेवटची री बरोबर पुढच्या समेवर धा होऊन पडते. करून बघा, मधे कुठे दम द्यावा लागत नाही. मला वाटलं हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे.

पण वाजवायला बसलो की डोक्यात तो काकडा. इकडे एवढा हिशोब आणि तिकडे जे खरं होतं त्यात हिशोबच नव्हता. मग वाटतं हे सगळं दिखाऊ आहे, पाऊण तास नुसता ठेकाच वाजवावा. त्यात प्रोड्युसरला मी चुकून हा अनुभव बोललो तर तो म्हणतो हे आपण वर्णनात टाकू, रील करू, लोकांना हेच हवं असतं. मला ते ऐकून कसंतरीच झालं. पण लपवावं असं तरी त्यात काय आहे हे पण कळत नाही. तुमच्यातल्या वाजवणाऱ्या गाणाऱ्या लोकांना असं झालंय का, आणि झाल्यावर कामाचं काय केलंत?

विणेकरी_काका:

राम कृष्ण हरी माऊली. दंडवत.

आधी सांगतो, हे असं होतं. सप्त्यात विणा सात दिवस खाली ठेवायचा नसतो, पहारे लावून आळीपाळीने गळ्यात घेतात हे तुम्हाला ठाऊक आहेच, रात्री दोन ते चारचा पहारा मी बरीच वर्षं केला. त्या वेळेला मंडपात कुत्रं सुद्धा नसतं, तुम्ही एकटे आणि ती तार. त्यातून काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, तुम्ही समजून घ्याल.

आमच्या फडावरचे जुने लोक म्हणायचे अनुभव बोलू नये, बोललं की आटतो. मी तेच मानत आलोय. पण मग प्रश्न येतो की तुकोबांनी का सांगितला? सांगितलाय ना. दोनदा स्वप्नाचा उल्लेख गाथेत आहे आणि दोन्ही ठिकाणी बघण्यासारखी गोष्ट आहे. बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मस्तकावर हात ठेवला, मंत्र दिला तो हाच, रामकृष्णहरी, तुम्ही ज्याची परण बांधताय तो. आणि त्या अभंगात काय काय येतं तर वार गुरुवार, तिथी माघ शुद्ध दशमी, आणि जेवणाला पावशेर तूप मागितलं ते स्वप्नात द्यायचं विसरलं. एवढ्या मोठ्या घटनेत तूप! प्रकाश दिसला, ब्रह्मांड दिसलं असलं काही नाही.

दुसरं स्वप्न नामदेवांचं. पांडुरंगाला सोबत घेऊन आले आणि काय दिलं तर काम दिलं. 'सांगितलें काम करावें कवित्व । वाउगें निमित्य बोलों नये'. शतकोटीचा आकडा नामदेवांचा, त्यातले उरलेले तू पुरे कर. म्हणजे अनुभव म्हणजे बक्षीस नव्हतं माऊली, ती कामाची वाटणी होती. तुम्ही विचारताय अनुभवानंतर कामाचं काय करू, तर तुकोबांच्या हिशोबात हे दोन वेगळे प्रश्नच नाहीत.

आणि त्या रीलवाल्याला साफ नाही म्हणा.

तर्कट:

चिडू नका, मी वाईट हेतूने लिहीत नाही, मला स्वतःला भजन ऐकायला आवडतं, आजोबा माळकरी होते.

पण यादी बघा ना. दिवसभराचा उपास, रात्रभर जागरण, तासन्‌तास एकच ठेका, आजूबाजूला पाचपन्नास माणसं एकाच लयीत हलतायत. यातलं एकेक सुद्धा माणसाचं भान बदलायला पुरतं, तुम्हाला सगळं एकदम मिळालं. मानसशास्त्रात याला फ्लो म्हणतात, चिक्सेंटमिहाय नावाच्या माणसाने त्यावर आयुष्य घातलं, गिर्यारोहक, सर्जन, बुद्धिबळवाले, वादक सगळे हेच सांगतात की करणारा मी गायब होतो आणि वेळेचं भान जातं. तर यात पांडुरंग आणायची गरज आहे का हा माझा साधा प्रश्न. तुमच्या मोबाईल रेकॉर्डिंगने तर पुरावाच दिलाय, बाहेर काहीच वेगळं घडलं नव्हतं, जे झालं ते डोक्यात.

मृदंगी_फलटणकर:

@तर्कट चिडलो नाही. उपास होता, जागरण होतं, सगळं कबूल. पण मी असे जागर लहानपणापासून वाजवतोय हो, उपाशी आणि झोपेशिवाय वाजवणं हे आमचं नेहमीचं आहे, बहुतेक वेळा त्यातून फक्त पाठ दुखते. आणि सर्जनला होतं, बुद्धिबळवाल्याला होतं म्हणून ते कमी होतं असं मला नाही वाटत, होऊ दे की त्यांनाही.

@काका तूप वाचून अंगावर काटा आला. हा अभंग पाठ आहे माझा, कीर्तनात शंभरदा साथ केली असेल त्याला, पण त्या ओळीकडे असं कधी बघितलं नव्हतं.

जर्सीकर:

मी वारकरी वगैरे नाही, डोंबिवलीचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत, वेड जॅझचं. तुमचा प्रश्न वाचून एकच माणूस आठवला, जॉन कोल्ट्रेन, सॅक्सोफोनवाला. तुम्ही ऐकलं नसेल तर हरकत नाही, गोष्ट ऐका.

1957 मध्ये हा माणूस हेरॉइन आणि दारूत पार बुडालेला, त्यापायी ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमधून बाहेर पडावं लागलं. त्याच वर्षी त्याने दोन्ही सोडलं आणि त्याच वर्षी त्याला काहीतरी झालं ज्याला तो देवाच्या कृपेने आलेली जाग म्हणतो. आता बघा, त्यावरचा रेकॉर्ड, 'अ लव्ह सुप्रीम', त्याने कधी केला? 9 डिसेंबर 1964. सात वर्षांनी! मधल्या काळात काय केलं तर रियाझ, थेलोनियस मंकबरोबर वाजवलं, परत माइल्सकडे गेला, स्वतःचं क्वार्टेट (चौघांचा बँड) बांधलं, आणि लोक सांगतात की दोन शोच्या मधल्या सुट्टीत सुद्धा हा आत जाऊन स्केल घासत बसायचा. मग एक दिवस एंगलवुड क्लिफ्सला रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत चौघं जमले आणि साधारण तेहतीस मिनिटांचं काम करून उठले. तो स्टुडिओ माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर आहे, बाहेरून बघितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

आणि विणेकरी काकांनी जे लिहिलं ना, अनुभव सांगावा का, तर त्याने सांगितला. कव्हरवर स्वतः एक पत्र लिहिलं. पण त्यात साल आहे, आभार आहेत, आणि मधल्या काळात आपण घेतलेल्या शपथेपासून ढळलो होतो हे सुद्धा सरळ लिहून टाकलंय. अनुभव कसा दिसला, काय प्रकाश पडला, त्याचं वर्णन शून्य.

आता मृदंगीबुवा तुमच्यासाठी खास. त्या रेकॉर्डच्या चौथ्या भागात गाणं नाही, कोणी बोलत नाही, पण तो सॅक्सवर जे वाजवतो ती त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे, शब्दाला शब्द. कव्हरवर छापलेली प्रार्थना समोर धरून ऐकलं की अक्षरं वाजताना कळतात. मला तुमची ती रामकृष्णहरीची तिहाई वाचून तेच वाटलं, स्तुतिपरण म्हणतात ती हीच की! म्हणजे तुमच्याकडे हे आधीपासून आहे आणि तुम्ही म्हणताय हा नुसता हिशोब. दिखाऊ कसला हो? ती तिहाई टाकून पाऊण तास ठेका वाजवलात तर मी स्वतः फोन करून भांडीन.

गौळण:

मी गाते, शिकवते, आणि इथे थोडं भांडायला आलेय.

काका, 'अनुभव बोलू नये' हे तुमच्या फडावर ठीक आहे, पण शिऊरच्या बहिणाबाईंनी हेच ऐकलं असतं तर आज आपल्या हातात काय राहिलं असतं? (जळगावच्या नव्हेत, तुकोबांच्या शिष्या त्या.) कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला बसायच्या, लाडकं वासरू गेलं, त्या धक्क्यात पडून राहिल्या आणि स्वप्नात तुकोबा दिसले, ज्यांना त्यांनी डोळ्यांनी बघितलंही नव्हतं. घरात नवरा विरोधात, ब्राह्मणाच्या बाईने शूद्राला गुरू मानायचं म्हणजे काय गहजब झाला असेल, मार सुद्धा खाल्ला. तरी त्यांनी सगळं लिहिलं, आत्मचरित्र लिहिलं अभंगात, वासराचं, नवऱ्याचं, स्वप्नाचं. मराठीत एखाद्या बाईने आपल्या आतलं असं इतक्या आधी सांगितलंय ते त्या बोलल्या म्हणून. गप्प बसण्याचा मोठेपणा ज्यांचं आधीच ऐकलं जातं त्यांना परवडतो, राग मानू नका.

मृदंगी दादा, तुम्हाला मात्र मी वेगळंच विचारते. तुम्ही ते रेकॉर्डिंग ऐकलंत ते फक्त पखवाज ऐकलात ना? गाणारे काय गात होते त्या वेळेला? मी पैजेवर सांगते गाणं त्या तुकड्यात वेगळं झालेलं असणार. मृदंगी मध्येमध्ये करत नाही, नुसता ठेका धरून बसतो तेव्हा आम्हा गाणाऱ्यांना जी जागा मिळते ना, ती काय असते हे वाजवणाऱ्याला कळतच नाही कधी. परत ऐका आणि या वेळेला स्वतःला सोडून बाकीच्यांना ऐका.

फेडर_खाली:

अध्यात्म तुम्ही बघा, मी रेकॉर्डिंगवाला आहे, मला मधलंच एक वाक्य दिसलं, पाऊण तास सोलो आणि शेवटी टाळकरी. त्यावर.

1. क्लिक ट्रॅक (हेडफोनमध्ये ठरलेल्या लयीची टिकटिक) लावायला सांगितला तर सोलोला ठीक, भजनाला अजिबात नको. भजनाची लय चढतेच, ती चढायलाच पाहिजे, क्लिक लावलात की टाळकरी कोर्टात उभे असल्यासारखे वाजवतात. एडिटिंगला त्रास होईल म्हणून इंजिनिअर कुरकुर करेल, करू दे.

2. टाळकरी नंतर वेगळे डब करू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, एकाच खोलीत एकत्र घ्या. फक्त टाळ पखवाजापासून लांब आणि पखवाजाच्या माईकच्या पाठीमागे उभे करा नाहीतर टाळांचा खणखणाट प्रत्येक माईकमध्ये शिरतो, मग मिक्सला पखवाज वर घेतला की टाळ पण वर.

3. एसी!! स्टुडिओत एसी फुल असतो, त्यात तुमची डाव्या पुडीवरची कणीक बघता बघता सुकते आणि घुमारा जातो, उजवीकडे चामडं कोरडं पडून सूर चढतो. पहिला टेक आणि चौथा टेक जुळतच नाही मग. जायच्या आधी पखवाज तासभर त्या खोलीत ठेवा, टेकच्या मध्ये कणकेवरून ओला हात, आणि कणीक घरून न्या. आमच्याकडे एकदा वादकाने आयत्या वेळी मागितली तर ऑफिसबॉय समोरच्या बेकरीतून मैदा घेऊन आला होता.

डाव्या बाजूला माईक अगदी चिकटवून देऊ नका, वीतभर तरी लांब, नुसतं धबधब येतं नाहीतर.

विणेकरी_काका:

@गौळण ताई, राग कसला. बहिणाबाईंचं बरोबर आहे, मला सुचलं नव्हतं. एवढंच म्हणतो की बहिणाबाईंनी वासरासकट सांगितलं, तुकोबांनी तुपासकट. रीलवाला वासरू आणि तूप आधी कापणार आणि मागे निळा प्रकाश सोडणार, माझं भांडण त्याच्याशी.

तर्कट:

काका हे मात्र मान्य. निळा प्रकाश आणि वर बासरी.

मृदंगी, मी वर लिहिलं की बाहेर काहीच घडलं नव्हतं, तर गौळण यांनी विचारलंय त्याचं उत्तर मला पण हवंय. परत ऐकलंत का? गाणं खरंच बदललं असेल तर माझं अर्धं म्हणणं पडलं.

मृदंगी_फलटणकर:

सगळ्यांना एकदम लिहितो, काल रात्री कीर्तन होतं म्हणून उशीर.

गौळण ताई, ऐकलं. तुमचं बरोबर निघालं आणि मला जरा ओशाळल्यासारखं झालं कारण एवढे दिवस मी त्यात फक्त मला शोधत होतो. चाल म्हणणारे एक म्हातारे बाबा होते, एरवी दर चरणाला दम लागतो त्यांना, त्या तुकड्यात ते एकच चरण घेऊन फिरतायत, वर जातायत, मधेच अर्ध्यावर सोडतायत आणि मागचे टाळकरी ते बरोबर उचलतायत. मी पुढे पळतोय असं वाटलं होतं ते पळणं नाही, सगळेच मिळून पुढे चाललेत. आता याला तर्कट साहेब जे नाव द्यायचं ते द्या.

कामाचं असं ठरवलंय. परणी ठेवणार, तिहाई ठेवणार, जर्सीकरांचा फोन नको बाबा मला. पण सोलोत मी दर दोन मिनिटाला काहीतरी करून दाखवत होतो ते कमी करणार. गुरुजी म्हणायचे परणीच्या आधी ठेका इतका वाजव की ऐकणारा परण विसरला पाहिजे, तेव्हा वाटायचं आम्हाला दमवायला म्हणतायत. रामकृष्णहरीची परण एकदाच येईल, साधारण मध्यावर, आणि त्या आधी दहा मिनिटं चौतालाचा ठेका विलंबित, नुसता. प्रोड्युसर म्हणतो लोक स्किप करतील. करतील काही.

शेवटच्या भजनाला त्याच गावचे टाळकरी आणि ते बाबा. स्टुडिओत नाही, त्यांच्याच देवळाच्या सभामंडपात घेऊ म्हणतोय, बाबांना पुण्यापर्यंत नेणं जमणार नाही. फेडर_खाली, दगडी सभामंडप आहे, वर पत्रा, आवाज फार घुमतो, मागे सतरंज्या टांगल्या तर चालेल का? आणि मोटार चालू झाली की पंपाचा आवाज येतो, पण लाईट रात्रीचीच असते तिकडे.

वर्णनात सगळ्या टाळकऱ्यांची नावं, गावाचं नाव, आणि हे काम कशातून सुरू झालं ते दोन ओळीत, एकादशीच्या काकड्याला, उपास होता, जागर झाला होता, असं. प्रोड्युसरला पाठवलंय, अजून उत्तर नाही.

फेडर_खाली:

सतरंज्या चालतील, गोधड्या अजून चांगल्या, जाड असतात. फक्त मागे नाही, एका बाजूच्या भिंतीला पण. पत्र्यासाठी काही करता येणार नाही, पाऊस नसेल असा दिवस बघा. पंपाचं म्हणाल तर लाईटचं वेळापत्रक विचारून घ्या आणि त्या वेळेत चहा. मला तारीख कळवा, साताऱ्यात काम असेल तर मीच माईक घेऊन येतो.

जर्सीकर:

ते मोबाईलवालं मूळ रेकॉर्डिंग टाका की इथे, आम्हालाही ऐकू दे.

मृदंगी_फलटणकर:

बाबांना विचारतो आधी, गाणं त्यांचं आहे. हो म्हणाले तर टाकतो, पण सुरुवातीला बराच वेळ कोणीतरी प्रसादाच्या शिऱ्याला किती रवा लागेल यावर भांडतंय ते ऐकायची तयारी ठेवा.